विषय: पुनः: पुनः: फोर कॉर्नर्स सहल, बसची यादी (आणि ते डेझर्ट रॉक)

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरच्या सहलीची बस पक्की झाली. शुक्रवारी पहाटे 5 वाजता फिनिक्सहून निघायचं, मुक्काम न्यू मेक्सिकोतल्या फार्मिंग्टनला. शनिवारी शिपरॉक आणि फोर कॉर्नर्स, जिथे चार राज्यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. चार राज्यांत एकेक हात-पाय टेकून फोटो काढायची हौस ज्यांना आहे त्यांनी गुडघ्यांचा विचार आधीच करावा. दोन सूचना: तिथलं घड्याळ आपल्या ॲरिझोनाच्या पुढे एक तास असेल आणि मूळनिवासी नावाहोंच्या भूमीवर दारू चालत नाही, त्यामुळे 'सरबताच्या' बाटल्या घरीच ठेवा. पोहे-शिऱ्याची जबाबदारी कोण घेतंय?

प्रेषक: चँडलरचे काका

आम्ही दोघं नक्की. वाटेत फ्रूटलंडचं थर्मल, म्हणजे कोळशाचं वीजकेंद्र, दुरून तरी दाखवा. विदर्भातल्या थर्मलमध्ये बत्तीस वर्षं काढली, चिमणी दिसली की माझी मान आपोआप वळते.
त्याच भागात बर्नहॅमजवळ 1,500 मेगावॉटचं डेझर्ट रॉक हे नवं कोळशाचं थर्मल यायचं होतं. 3 अब्ज डॉलरचा प्रकल्प, 400 कायमच्या नोकऱ्या, नावाहो टोळीच्या तिजोरीत वर्षाला 5 कोटी डॉलर. त्यांचे अध्यक्ष जो शर्ली स्वतः बाजूने होते. आणि गावच्या म्हाताऱ्या जाऊन रस्त्यात बसल्या! जिथे निम्म्या लोकांना काम नाही, तिथे याला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणंच म्हणायचं.

प्रेषक: फ्लॅगस्टाफची ताई

काका, आधी एक. 'टोळी' नको. नावाहो नेशन म्हणा, ते स्वतःला दिने म्हणवतात. त्यांच्याच भूमीवरच्या ट्यूबा सिटीच्या शाळेत मी चार वर्षं शिकवलं, तिथे हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

आता त्या म्हाताऱ्या. तिथे सातबारा नसतो. जमीन साऱ्या नेशनची, घराण्याकडे असतो तो चराईचा परवाना. कूळ आईचं चालतं आणि मेंढरांचा कारभारही बहुधा बायकांच्या हाती. 2006 च्या डिसेंबरात चाचणीची भोकं पाडायला गाड्या आल्या, तेव्हा या बायकांनी विचारलं, आमच्या कुरणात शिरायला तुम्हाला कुणी सांगितलं? उत्तर मिळालं नाही तेव्हा वाट अडवून त्या तिथेच राहिल्या, गोठवणाऱ्या थंडीत, शेकोटी पेटवून. 'दोदा' म्हणजे दिने भाषेत 'नाही'. त्यावरून 'दोदा डेझर्ट रॉक' हे नाव, आणि एलुईज ब्राऊन त्यांच्या अध्यक्ष. 'दिने केअर' ही संघटना त्याहून जुनी, 1988 मध्ये डिल्कनला विषारी कचरा जाळायची भट्टी येणार होती, ती अडवताना जन्मलेली.

त्यांचं विजेशी भांडण नव्हतं. फोर कॉर्नर्सचं, म्हणजे फ्रूटलंडचं थर्मल 1963 पासून धूर सोडतंय, सॅन वॉनचं 1973 पासून 2022 पर्यंत सोडत होतं. त्याच खोऱ्यात हे तिसरं येणार. वीज जाणार फिनिक्स-लास वेगासकडे, आणि ज्यांच्या डोक्यावरून तारा जातात त्यांतल्या हजारो घरांत दिवा नाही. माझ्या वर्गातली मुलं कंदिलापाशी गृहपाठ करून यायची.

शिवाय दुधाने तोंड पोळलेलं होतं. दिने भूमीवर युरेनियमच्या 500 हून जास्त खाणी तशाच सोडून दिल्या आहेत. गंमत म्हणजे 2005 मध्ये युरेनियम खाणकामावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही याच शर्लींची. कोळशाचं मात्र त्यांना वेगळं वाटलं, आणि रोजगाराची त्यांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही.

राहिलं 'अडवलं' हे. एकट्या म्हाताऱ्यांनी नाही. न्यू मेक्सिकोने कर-सवलत दिली नाही, गव्हर्नर रिचर्डसन विरोधात गेले. जुलै 2008 मध्ये संघीय पर्यावरण खात्याने हवेत धूर सोडायचा परवाना दिला, त्यावर राज्य आणि दिने केअरसारख्या संघटना अपिलात गेल्या. वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं, आणि 2009 मध्ये खात्यानेच परवाना परत मागून घेतला. तिथून प्रकल्प उठलाच नाही.

प्रेषक: चँडलरचे काका

टोळी शब्द मागे. बाकी पूर्ण पटलं नाही. पेज गावाजवळचं नावाहो जनरेटिंग स्टेशन, तेही कोळशाचं, 2019 ला बंद झालं, त्याला कोळसा देणारी केयेंटाची खाण त्याच वर्षी थोडी आधी. 2,250 मेगावॉट गेले, पगार गेले, शेजारच्या मूळनिवासी होपींच्या तिजोरीचा मोठा हिस्सा गेला. वेल्डर पोरं कामासाठी घरदार सोडून फिनिक्सला आली. त्यांना विचारा 'दोदा' म्हणजे काय.
राखेचं मात्र नाकारत नाही. आमच्या कॉलनीत दोरीवरचे कपडे दोनदा झटकून आत घ्यावे लागत, ही अजून बोलून दाखवते.

प्रेषक: फ्लॅगस्टाफची ताई

पगाराचं खरंच. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे वडील त्याच खाणीत होते. घराघरांत दोन तट होते, सुट्टीच्या जेवणात तो विषय काढत नसत.

पण पेजचं ते स्टेशन बांधलं कशासाठी, काका? कोलोरॅडोचं पाणी 336 मैलांच्या कालव्याने फिनिक्स आणि टुसानला आणायला. टुसान गाठेपर्यंत ते जवळजवळ 2,900 फूट चढवावं लागतं, आणि पंपांची बहुतेक वीज तिथून यायची. आधी त्यासाठी ग्रँड कॅन्यनमध्ये धरणं बांधायची होती. देशभर ओरड झाली, दरी वाचली, आणि कोळसा दिने भूमीवर जाळायचं ठरलं. दरीसाठी ओरडणारे पुष्कळ होते.

प्रेषक: टेंपीचा विद्यार्थी

म्हणजे 2019 पर्यंत आपल्या नळाला आलेलं पाणी त्या कोळशावर चढून आलेलं? मंडळाच्या रंगपंचमीचं पण?

प्रेषक: फ्लॅगस्टाफची ताई

कालव्याचं जे असेल ते, हो. रंगपंचमीचं पण.

प्रेषक: चँडलरचे काका

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं या गावात राहतो, आणि पंप कुठल्या विजेवर चालतात हे मी, थर्मलचा माणूस, कधी विचारलं नाही.

प्रेषक: सहल समिती

मंडळी, विषयाची ओळ एव्हाना बदलायला हवी होती. काका, फ्रूटलंडची चिमणी रस्त्यावरून दिसेल, मान वळवा. पेजच्या चिमण्या 2020 च्या डिसेंबरात पाडल्या, तिकडे बघायला काही नाही. बर्नहॅमला बस वळवणार नाही. ती लोकांची घरं आणि कुरणं आहेत, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. ताई, येताना शाळेबद्दल बसमध्ये बोलाल का? तुमची सीट काकांच्या शेजारी टाकली आहे.
पोह्यांना अजून कुणी हो म्हटलेलं नाही.