स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया : नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी?

गणितशिक्षिका, नाशिक

नमस्कार. माझे वय 41 असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. गेली 16-17 वर्षे माझी मान आणि पाठ दुखते. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी बोट बसेल एवढ्या खाचा पडल्या आहेत. उन्हाळ्यात स्तनांखालच्या घडीत पुरळ उठून कातडी सोलवटते, मग मलम लावून घडीत सुती रुमाल ठेवूनच शाळेत जावे लागते. फिजिओथेरपी झाली, वजनही 7 किलोंनी उतरवले, परंतु स्तनांच्या आकारात म्हणावा तसा फरक पडला नाही. आता प्लास्टिक सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि प्रत्येक बाजूचा साधारण अर्धा किलो भाग काढावा लागेल, असा त्यांचा अंदाज आहे.

सासूबाई म्हणतात, "धडधाकट शरीराला सुरी कशाला लावून घ्यायची?" त्यांच्या बोलण्यात राग नाही, काळजी आहे, म्हणूनच उत्तर देणे अवघड जाते. ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांनी कृपया सांगावे : दुखणे खरोखर थांबते का, व्रण कसे दिसतात, आणि हात उंच करून फळ्यावर लिहिणे साधारण कधी जमू लागते?

सांगलीकर

ताई, माझी शस्त्रक्रिया होऊन 14 महिने झाले. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सर्जननी मला सरळ उभे करून छातीवर पेनने रेघा आखल्या, कारण आडवे झाल्यावर स्तनांची ठेवण बदलते आणि स्तनाग्रे कुठे यायला हवीत हे उभ्या स्थितीतच नीट ठरवता येते. त्या दहा मिनिटांत मला फार संकोच वाटला. पुढच्या कोणत्याही वेदनेपेक्षा तेच मला जड गेले, म्हणून आधीच सांगून ठेवते. पूर्ण भूल दिली होती आणि शस्त्रक्रियेला सुमारे तीन तास लागले. जागी झाले तेव्हा छाती घट्ट बांधलेली होती आणि दोन्ही बाजूंना रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी काढल्या.

वेदना मला वाटल्या होत्या त्यापेक्षा कमी होत्या. पहिले चार-पाच दिवस गोळ्या वेळेवर घ्याव्या लागल्या, नंतर ओढ लागल्यासारखे आणि मधूनच सुई टोचल्यासारखे होई. भार उतरल्याचे मात्र पहिल्यांदा पलंगावर उठून बसले तेव्हाच जाणवले. खांदे आपोआप मागे गेले आणि मला रडू आले. मानेचे दुखणे महिन्याभरात जवळजवळ गेले. पाठीचे पूर्ण गेलेले नाही, कारण इतकी वर्षे वाकून चालण्याची सवय जडलेली असते आणि ती मोडायला व्यायामच लागतो.

व्रणांविषयी स्पष्ट लिहिते, कारण मला ते कोणी स्पष्ट सांगितले नव्हते. माझ्या बाबतीत एक व्रण स्तनाग्राच्या वर्तुळाभोवती, एक तिथून सरळ खाली आणि एक खालच्या घडीत आडवा, असा जहाजाच्या नांगरासारखा आकार आहे. तिसऱ्या आठवड्यात उभा आणि आडवा व्रण जिथे मिळतात तिथे वाटाण्याएवढी जखम उघडली. मी घाबरून गेले होते, पण त्या ठिकाणी ताण सर्वाधिक असल्यामुळे असे बऱ्याच जणींना होते, असे कळले आणि तीन आठवड्यांच्या ड्रेसिंगने ती भरली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण लाल-जांभळे आणि कडक झाले. तेव्हा आरशात पाहून हा निर्णय चुकला की काय, असेही वाटले होते. आता त्यांच्या तपकिरी रेघा उरल्या आहेत. त्या पूर्णपणे जाणार नाहीत. डाव्या स्तनाग्राची संवेदना सात महिन्यांनी परतली, खालच्या बाजूचा थोडा भाग अजूनही बधिर आहे.

शस्त्रक्रिया विभागातील परिचारिका, ठाणे

वरील अनुभवात काही गोष्टींची भर घालते. तुमचे वय 40 च्या पुढे असल्यामुळे आधी मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) करून घ्या. काढलेला भाग तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे पाठवला जातो, तो अहवाल मागून घेऊन जपून ठेवा.

तंबाखू कोणत्याही रूपात असली तरी सर्जनना सांगा. आपल्याकडे अनेक स्त्रिया मिश्री लावतात आणि "व्यसन नाही" असेच लिहून देतात. परंतु निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या स्तनाग्राला आधीच मोजक्या वाहिन्यांवर जगायचे असते, त्याचाच रक्तपुरवठा धोक्यात येतो. मिश्री किमान चार आठवडे आधी बंद करावी आणि जखमा भरेपर्यंत पुन्हा लावू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एकच बाजू अचानक फुगून टणक झाली, स्तनाग्र काळे-निळे दिसू लागले, ताप आला, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. शाळेतील बसून करण्याची कामे बहुधा दोन-तीन आठवड्यांत जमतील. फळ्यावर उंच हात करून लिहिणे, पाण्याची बादली उचलणे आणि कणीक तिंबणे यांना चार ते सहा आठवडे थांबावे. सूज पूर्ण उतरून आकार स्थिरावायला सहा महिनेही लागू शकतात.

पुणेकर, वय 27

मी 22 व्या वर्षी ही शस्त्रक्रिया केली आणि गेल्या वर्षी मला मुलगी झाली. दूध आले, पण पुरले नाही. वरचे दूध द्यावे लागले. गणितशिक्षिका ताईंना हा प्रश्न कदाचित नसेल, परंतु हे वाचणाऱ्या तरुण मुलींनी सर्जनना हे आधीच विचारावे. मला त्या वेळी सुचले नव्हते, आणि बाळ भुकेने रडत असताना त्याचा त्रास झाला.

कोल्हापूरची वाचक

विम्याबद्दल थोडक्यात : पॉलिसींमध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते, मात्र वैद्यकीय गरज असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास अपवादाची तरतूद असते. माझा दावा आधी नाकारला गेला. फिजिओथेरपीच्या पावत्या, त्वचारोगतज्ज्ञांचे कागद आणि खांद्यांवरील खाचांची छायाचित्रे जोडून पुन्हा अर्ज केल्यावर तो अंशतः मंजूर झाला. पूर्वमंजुरी लेखी घ्या.

गणितशिक्षिका, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. काल हे सर्व सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या खाचेवरून बोट फिरवले आणि "हे इतके दुखते, हे कधी बोलली नाहीस," एवढेच म्हणाल्या. दिवाळीच्या सुट्टीतील तारीख मागणार आहे. घरी आधी काय तयार ठेवू?

सांगलीकर

पुढून बटणे असलेले चार सुती गाऊन घ्या, कारण डोक्यावरून कपडा घालता येत नाही. पाठीवरच झोपावे लागते, तेव्हा दोन्ही बाजूंना उशा लागतील. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणून ठेवा. नवे ब्लाउज मात्र सहा महिने शिवायला टाकू नका; मी घाई केली आणि तिन्ही पुन्हा उसवावे लागले.