दारू सुटून वर्ष उलटलं, आता तरी पगाराचं कार्ड परत द्यावं की नाही?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. आमच्या ह्यांची दारू सुटून वर्ष उलटून गेलं. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, फॉलो-अपला जातात, एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा चालू आहेत, सातपूरला कंपनीत आहेत तिथे खाडे नाहीत. पण घरातली जमावबंदी काही उठलेली नाही. पगाराचं कार्ड माझ्या कपाटात, फोनचा पासवर्ड मला माहीत, यूपीआय काढून टाकलेलं, रोज सकाळी सासूबाई शंभराची नोट हातावर ठेवतात आणि संध्याकाळी हिशोब मागतात.

सगळ्यात जास्त लागतं ते मुलीचं. दहावीला आहे. बाबा दारात आले की पाण्याचा ग्लास घेऊन पुढे होते. सगळ्यांना वाटतं किती गुणाची पोर, पण ती ग्लास देताना जवळ जाऊन वास घेते. तिला कुणी शिकवलं नाही, आपोआप शिकली. आणि ह्यांनाही ते कळतं, ग्लास हातात घेऊन क्षणभर तसेच उभे राहतात, तिचं झालं की मग पितात.

माझं मत आता पक्कं झालंय की हे सगळं थांबलं पाहिजे. सुरुवातीचे महिने वेगळे होते, झोप नाही, चिडचिड, घाम, तेव्हा केंद्रातल्यांनीच सांगितलेलं की हातात जास्त पैसे ठेवू नका. पण म्हणून जन्मभर? चव्वेचाळीस वर्षांचा माणूस भाचीच्या लग्नात आहेराच्या पाकिटात घालायला माझ्याकडे पैसे मागतो आणि आजूबाजूला नातेवाईक बघत असतात. आणि खिशात दमडी नसायची तेव्हा काय पीत नव्हते का, उधारीवर प्यायचे, मित्रांच्या जिवावर प्यायचे. म्हणजे कार्डानं दारू थांबत नाही, कार्डामुळे फक्त मला रात्री झोप लागते. माझा भाऊ आणि नणंद दोघंही माझ्या विरोधात आहेत. ज्यांना पटत नाही त्यांनी इथेही खुशाल तसं लिहा.

रोखठोक_आई

ताई, राग मानू नका पण अजिबात देऊ नका. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरचं सांगते. मेहुणे दोन वर्षं थेंबाला शिवले नाहीत, सगळ्यांनी कौतुक केलं, व्यवहार त्यांच्या हातात गेले. आषाढ संपता संपता गटारीला जुने मित्र भेटले आणि तिथून परत सुरू. पण घरात कळलं कधी, तर पतसंस्थेचा वसुलीवाला दारात उभा राहिला तेव्हा. पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे त्यात गेले, बहिणीचा पोहेहार गेला, तो तर आमच्या आईचा होता.

ह्यांचा स्वाभिमान आहेच हो, पण तुमच्या मुलीची अकरावीची अ‍ॅडमिशन वर्षभरावर आहे. तिचा विचार आधी. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे त्यात आर्थिक छळ पण येतो, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, सगळं. पण कायदा पैसे गेल्यावर कामाला येतो, कपाटाचं कुलूप आधी येतं. त्यांना दुखतंय तर दुखू दे थोडं, तुम्हाला किती वर्षं दुखलं ते कुणी मोजलं?

आजचा_दिवस

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, २०१२ पासून सोबर. वहिनी, तुमचं निम्मं पटलं आणि निम्मं नाही.

पटलं ते हे की पैसे नाहीत म्हणून कुणी पिणाऱ्याचं अडत नाही. मी कुठे कुठे लपवायचो हे सांगत बसलो तर इथल्या बायकांना उगाच नवीन जागा कळतील आणि त्यांची शोधाशोध वाढेल. पण पटलं नाही ते हे की पैशाचा आणि पिण्याचा काही संबंधच नाही. पगाराचा दिवस माझ्यासाठी सगळ्यात वाईट असायचा. मेसेज आला की छातीत धडधड सुरू. म्हणून मी स्वतःहून कार्ड बायकोकडे दिलेलं, म्हणालो दर सात तारखेला मला विचार कसा आहेस. पुढे कधीतरी मीच म्हणालो आता दे. दिल्यावर तिनं पहिलं काम सांगितलं ते लाइट बिल भरायचं, रोख पैसे देऊन. वाटेत माझं नेहमीचं परमिट रूम होतं. मी समोरच्या फुटपाथनं गेलो, बिल भरलं, पावती आणून तिच्या हातात दिली, तिनं ती न बघता डब्यात टाकली. तिचं ते न बघणं मला केवढं वाटलं ते लिहिता येत नाही.

तर कार्ड कुणाकडे आहे ह्यापेक्षा ते कुणाच्या मर्जीनं तिथे आहे ते विचारा. ह्यांनी स्वतः दिलेलं की तुम्ही काढून घेतलेलं?

आणि मुलीचं वाचून पोटात खड्डा पडला. ते सगळ्यात आधी बंद करा, कार्डाचं नंतर बघू. तिला ओरडून नाही, तिच्याशी बसून बोलून. माझी बायको पुण्यात सहचरी गटाला जायची. मुक्तांगण, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र, तिथला बायकांचा गट आहे तो. मी बरा झालो त्यात त्या गटाचा वाटा आहे कारण ती तिथे मोकळी होऊन यायची आणि घरी माझ्यावर नजर ठेवायची तिला गरज कमी वाटायची.

थोरला_लेक

मला दोन्हीकडचं वाचून त्रास होतोय. सगळा विचार त्यांचाच चाललाय, त्यांचा स्वाभिमान, त्यांचा पगाराचा दिवस. माझे वडील चार वेळा केंद्रात जाऊन आले. दर वेळी आम्ही नव्यानं शिकायचं, आता असं बोलायचं नाही, आता तसं वागायचं, आता विश्वास दाखवायचा. आईला ह्यात बीपी लागलं, शुगर लागली, तिच्या फॉलो-अपला कोण गेलं? शेवटी मी तिला माझ्याकडे पिंपरीला घेऊन आलो. वडिलांना डबा जातो, औषधाचे पैसे मी दुकानदाराला परस्पर देतो, फोन उचलतो. पण त्यांच्या सोबरपणाची नोकरी आम्ही दोघांनी सोडली.

अ‍ॅल-अ‍ॅनॉन म्हणून घरच्यांची संघटना आहे, १९५१ पासूनची. तिथे तीन गोष्टी सांगतात: हे तुमच्यामुळे लागलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही, ते तुम्ही बरं करू शकणार नाही. मला सावरलं ते ह्या तीन ओळींनी. त्यामुळे गोदाकाठ ताई, कार्ड द्या नाहीतर ठेवा, पिणारा पिईल आणि न पिणारा पिणार नाही. तुमचे पैसे वेगळे करा, मुलीचे वेगळे करा आणि रात्री झोपा.

गोदाकाठ

@आजचा_दिवस दादा, कार्ड मी काढून घेतलेलं. केंद्रात न्यायच्या आदल्या रात्री. ह्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि तेव्हा विचारण्यासारखी अवस्थाही नव्हती.

@थोरला_लेक तुमचं खोटं म्हणणार नाही, आईंना घेऊन आलात ते बरं केलंत. पण चार वेळा जाऊन आलेला माणूस आणि वर्षभर रोज सकाळी उठून कामावर जाणारा माणूस ह्यांना एकच नियम कसा लावायचा. मला सुटायचं नाहीये ह्यातून, मला ह्यांच्यासोबत राहायचंय, फक्त जेलर म्हणून नाही.

पिंपळपान

मधला रस्ता सुचवतो. यूपीआय सर्कल आलंय २०२४ पासून. खातं तुमचं, पण तुम्ही त्यांना जोडून घ्यायचं, महिन्याला १५,००० पर्यंत मर्यादा ठरवता येते आणि एका वेळी ५,००० च्या वर जात नाही. त्यांना मागावं लागत नाही आणि तुम्हाला खर्च दिसतो.

आजचा_दिवस

@पिंपळपान कल्पना चांगली आहे, पण चहाचे दहा रुपये दिले तरी बायकोला दिसणार हे डोक्यात बसलं की माणूस रोख शोधायला लागतो. पुन्हा तेच. त्यांनी स्वतः मागितलं तर करा.

कृष्णाकाठची_समुपदेशक

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

थोरला_लेक, त्या तीन ओळी आधार देतात, मान्य. पण घरच्यांच्या वागण्यानं काहीच फरक पडत नाही असा अर्थ काढू नका. १९९९ मध्ये मिलर, मेयर्स वगैरेंनी अमेरिकेत १३० घरच्या माणसांना घेऊन अभ्यास केला. सगळ्यांकडे उपचाराला नकार देणारं पिणारं माणूस होतं. घरच्यांना जिथे शिकवलं की न पिता घालवलेल्या वेळेला चांगला प्रतिसाद द्या, प्यायल्यावर पांघरूण घालू नका, स्वतःचं आयुष्य सांभाळा, तिथे ६४ टक्के उपचाराला आले. अ‍ॅल-अ‍ॅनॉनच्या धर्तीवरच्या गटात १३ टक्के. अर्थात अ‍ॅल-अ‍ॅनॉनचा हेतू पिणाऱ्याला उपचाराला आणणं हा नाहीच, घरच्यांना सावरणं हा आहे, त्यामुळे ती तुलना जरा अन्यायाची. पण घरच्यांच्या हातात काहीच नसतं असं नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता मूळ प्रश्न. जोडप्यांसाठीच्या उपचारात एक करार करतात. रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळच्या चहाला, नवरा सांगतो की काल मी प्यायलो नाही, आजही पिणार नाही. बायको आभार मानते. कॅलेंडरवर खूण होते, आपल्याकडे कालनिर्णयवर करा. आणि अट अशी की त्या वेळेला मागचं उकरायचं नाही आणि पुढची भीती बोलायची नाही, तेवढ्यावर विषय संपला. दिवसभर मग वास नाही, खिसे नाहीत, फोन नाही. ऐकायला पोरकट वाटतं, सुरुवातीला जोडपी लाजतात, पण लपूनछपून जी तपासणी चालते ती उघड, दोघांच्या संमतीची आणि दोन मिनिटांची होते.

मुलीला मात्र ह्या करारात ओढू नका. तिला स्पष्ट शब्दांत सांगा की बाबांचं बघायचं काम तुझं नाही. नुसतं सांगून सुटेलच असं नाही, शाळेतल्या समुपदेशकांशी बोला किंवा टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

पल्लू_७८

मध्येच विचारते, माफ करा. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात येते ना, वरणात कालवून द्यायची पावडर, कळत पण नाही आणि दारू सुटते. माझ्या दिराला द्यावी का? तो केंद्रात जायला तयारच नाही.

कृष्णाकाठची_समुपदेशक

@पल्लू_७८ नका देऊ, कळकळीनं सांगते. असल्या पावडरीत काय असतं ते पाकिटावरून कळत नाही. कधी कधी घरचे चोरून डायसल्फिरामच्या, म्हणजे दारू सोडवायच्या औषधाच्या, गोळ्या कालवतात. त्या गोळीवर दारू पोटात गेली की अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य शरीरात साठतं, चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी पडतं, हृदयाचा त्रास असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. डॉक्टर ती देतात, पण माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करून. दीर तयार नसेल तर आधी तुम्ही स्वतः जा, बऱ्याच केंद्रांत घरच्यांना एकट्यानं येऊन बोलता येतं.

रोखठोक_आई

समुपदेशक ताई, अभ्यास वगैरे ठीक, पण अमेरिकेतल्या बाईच्या डोक्यावर पतसंस्थेचा वसुलीवाला नसतो. इकडे बायकोला नोकरी नाही, घर सासऱ्यांच्या नावावर, माहेरी भाऊ किती दिवस ठेवून घेणार. एक स्लिप म्हणजे वर्षाचं धान्य जातं. तुम्ही म्हणता विश्वास दाखवा, पण तो फुकट दाखवता येत नाही, त्याची किंमत बायको भरते. मला एक सांगा, किती वर्षांनी धोका संपला म्हणायचं?

कृष्णाकाठची_समुपदेशक

@रोखठोक_आई तुमचा मुद्दा रास्त आहे, ज्या बाईकडे स्वतःचं काहीच नाही तिला मी आधी पैसे सुरक्षित करा असंच सांगते. धोका पूर्ण संपला असं कुणी सांगू शकत नाही. पण जॉर्ज व्हेलंट म्हणून मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी काही शे पुरुषांचा अनेक दशकं मागोवा घेतला, त्यात पाच वर्षं दारूपासून लांब राहिलेल्यांत पुन्हा पिणं क्वचित दिसलं. म्हणजे एक वर्ष तसं लवकरच आहे, ह्यात तुम्ही बरोबर आहात. पण पाच वर्षं शंभराच्या नोटेवर काढायला लावली तर माणूस घरात भाडेकरूसारखा राहायला लागतो आणि एकटेपणा, राग ह्या दोन गोष्टींपासूनच तर एएमध्ये जपायला सांगतात.

थोरला_लेक

पाच वर्षं. माझी आई बासष्टची आहे.

गोदाकाठ

@थोरला_लेक तुमच्या ह्या एका ओळीला माझ्याकडे उत्तर नाही.

काल रात्री मी आणि हे बोललो. मी सरळ विचारलं, तुम्हाला कार्ड हवंय का. म्हणाले, कार्ड नको एवढ्यात, आईनं नोट देणं बंद कर. मी कार्डाचं धरून बसले होते आणि ह्यांना टोचत होतं ते वेगळंच. मग ठरलं असं: पगार झाला की दुसऱ्या दिवशी घराचा हप्ता, क्लासची फी आणि मुलीची आरडी आपोआप कापली जाईल. ठरलेली रक्कम ह्यांच्या वेगळ्या खात्यात, त्याचं यूपीआय ह्यांच्याच फोनवर, त्याचा हिशोब कुणी मागणार नाही. पासवर्ड बदलायला सांगितला, मला न सांगता. सासूबाई दोन दिवस बोलत नाहीयेत माझ्याशी. चहाच्या वेळेचा करार ह्यांना वाचून दाखवला, हसले नाहीत, म्हणाले करून बघू.

मुलीशी ह्यांनी स्वतः बोलायचं म्हटलंय. मी मध्ये पडणार नाहीये.

रोखठोक_आई

हप्ता आणि फी आधी कापताय ते चांगलं केलंत. तरी माझं मत तेच आहे, सोनं लॉकरला ठेवा आणि लॉकर तुमच्या एकटीच्या नावानं घ्या. पतसंस्थेत कुठे जामीनदार म्हणून सही मागितली तर करू नका, कुणाच्याही भिडेला पडू नका. आणि पुढच्या गटारीला मुलीला घेऊन दोघांनी कुठेतरी बाहेर जा, वणीला जा, ते नाशिकहून जवळच आहे.