ग्लॅडिएटर आणि बॉक्सर: लढत थांबवायची कुणी?

सुनंदा_सातारा
मुलगा नववीत आहे, यंदा बॉक्सिंगला जायला लागलाय. सासूबाईंचा कडाडून विरोध. परवा टीव्हीवर जुन्या रोमच्या ग्लॅडिएटरांवर, म्हणजे लोकांपुढे हत्यारं घेऊन लढणाऱ्यांवर, कार्यक्रम लागला, तर म्हणाल्या, "हे तेच. लोकांनी बघायचं नि पोरांनी मरायचं." मला उत्तर देता आलं नाही. तिथे दर लढतीत एकजण मरायचाच का? आणि पैसे घेऊन खेळतात ते बॉक्सिंग खरंच वेगळं आहे का?

रिंगमधला_पंच
ताई, जिल्हा पातळीवर बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दर लढतीत मरण नसायचं. ग्लॅडिएटर तयार करायला मालकाचा बक्कळ पैसा जायचा. उपचाराला वैद्य असत. पुढे सम्राटाचा वैद्य झालेला गेलन आधी पर्गमॉन शहरात ग्लॅडिएटरांच्याच जखमा बांधायचा. हरलेला बोट वर करून शरण यायचा, मग त्याला सोडायचं की नाही हे खेळ भरवणारा ठरवायचा, गर्दीचा कल बघून. फ्लामा नावाच्या ग्लॅडिएटरचा थडग्याचा दगड सिसिलीत सापडलाय. त्यावर हिशेब कोरलाय: 34 लढती, 21 जिंकल्या, 9 बरोबरीत, 4 हरला पण जीवदान मिळालं. वय 30. तरी ग्लॅडिएटरांमधले बरेचसे गुलाम किंवा युद्धकैदी होते. नको म्हणायची सोयच नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

पंच तिथेही असायचा, हातात लांब काठी घेऊन. तुर्कस्तानात सामसूनला डिओडोरस नावाच्या ग्लॅडिएटरचा दगड मिळाला. तो म्हणतो, मी डेमेट्रियसला पाडलं, लगेच मारलं नाही, आणि पंचाच्या दग्याने माझा जीव गेला. तो दगड वाचल्यापासून रिंगमध्ये पाय ठेवताना त्याची आठवण येते.

आता बॉक्सिंग. 1975 ला मनिलात मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांची लढत. चौदा राउंड झाल्यावर फ्रेझियरला समोरचे ठोसे धड दिसत नव्हते. तो उठायला तयार होता, पण त्याचे कोच एडी फच यांनी लढत थांबवली. 1982 ला लास वेगासमध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडला कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधराच्या बारा राउंडवर आल्या. म्हणजे पोरगं गेल्यावर नियम बदलला. सासूबाईंचं अगदीच चूक नाही, ताई.

खासबागचा_पोरगा
पंचकाका, यात आमचं कोल्हापूर घ्या की! शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912 ला कुस्तीचं खासबाग मैदान झालं. हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, मधोमध, भोवती चढत गेलेली बैठक, शेवटच्या माणसालाही पकड दिसते. पण पाठ लागली की कुस्ती संपली. चितपट झालेल्याला कोणी हात लावत नाही.

सुनंदा_सातारा
दोघांचेही आभार. काका, क्लबात जाऊन नेमकं काय विचारू?

रिंगमधला_पंच
सामन्याच्या दिवशी डॉक्टर तपासतात का, आणि डोक्याला मार लागून लढत थांबली तर किती दिवस घरी बसवतात, हे दोन आधी. महिन्याच्या आत पुन्हा उतरवतो म्हणाले तर मुलाला काढून घ्या. मग एकदा सामना बघायला जा आणि कोचकडे बघत राहा. पोराला मार बसला की मी आठपर्यंत मोजतो, हात वर घे, दोन पावलं पुढे ये म्हणतो. डोळे स्थिर असतात, बोलतोही नीट, पण पावलं खोटं बोलत नाहीत, गुडघा हलतोच. चांगला कोच अशा वेळी पोराला पुढे लढू देत नाही, टॉवेल टाकून लढत थांबवतो. "अजून मार, अजून मार" ओरडणारा असेल तर दुसरा क्लब शोधा. मुलगा रुसला तरी.