कुबरनेटीस जॉबमध्ये तीन कमांड ओळीने चालवताना मधली फसली तरी जॉब यशस्वी दिसतो : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मशीद बंदरच्या काही घाऊक व्यापाऱ्यांसाठी आम्ही मालाच्या हिशेबाचे एक छोटे सॉफ्टवेअर चालवतो. नवी आवृत्ती रात्री चढवताना कुबरनेटीसच्या (कंटेनर, म्हणजे स्वतंत्र डब्यात बंद केलेले प्रोग्राम, चालवणाऱ्या प्रणालीच्या) एकाच जॉबमधून (एकदा चालून संपणाऱ्या कामातून) तीन कामे ठरलेल्या क्रमाने व्हावी लागतात : डेटाबेस तयार होईपर्यंत थांबणे, मायग्रेशन (डेटाबेसच्या तक्त्यांच्या रचनेतले बदल) चालवणे आणि शेवटी दरपत्रकाची फाइल भरणे.

सुरुवातीला मी यॅमलच्या (जॉबची मांडणी लिहिण्याच्या फाइलच्या) ‘कमांड’ यादीत कामांच्या मध्ये ‘&&’ (आधीची कमांड जमली तरच पुढची, ही शेलची खूण) घालून तिन्ही कामे लिहिली. ही यादी शेलकडे (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) जातच नाही, थेट प्रोग्राम सुरू होतो; त्यामुळे ‘&&’ हे आपल्यालाच दिलेले अर्ग्युमेंट आहे असे समजून पहिलाच प्रोग्राम अडला. मग ‘बॅश -सी’ (बॅश हा एक शेल) लिहिले, तर इमेज (कंटेनर ज्यातून सुरू होतो तो साचा) अल्पाइन या छोट्या लिनक्सची आणि तीत बॅशच नाही. ‘एसएच’ या साध्या शेलचे ‘एसएच -सी’ चालले, पण त्यापुढे मी तीन कमांड यादीतल्या तीन स्वतंत्र नोंदी म्हणून दिल्या होत्या. शेल त्यांतली पहिलीच स्क्रिप्ट म्हणून चालवतो आणि उरलेल्या तिचे पॅरामीटर म्हणून नुसत्या धरून ठेवतो. यात चूक झाल्याचे लॉगमध्ये अवाक्षरही नव्हते, हे विशेष.

त्यानंतर उभ्या रेघेच्या (|) खाली अनेक ओळींची एकच स्क्रिप्ट दिली आणि प्रश्न सुटला असे वाटले. सोमवारी रात्री मायग्रेशन फसले, दरपत्रक मात्र जुन्याच तक्त्यांत बिनबोभाट भरले गेले, आणि शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड शून्य (म्हणजे यशस्वी) आल्यामुळे जॉबवर ‘कम्प्लीट’ असा शिक्का बसला. सकाळी दुकाने उघडताच फोन सुरू झाले, तेव्हा मी ठाण्याहून निघालेल्या लोकलमध्ये दाराशी उभा होतो. लॅपटॉप काढणे तर सोडाच, खिशातला फोन काढण्याचीही सोय नव्हती.

आता स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -ई’ घातले आहे, त्यामुळे मायग्रेशन फसले की स्क्रिप्ट तिथेच थांबते. मात्र डेटाबेसची वाट पाहणारी ‘अन्टिल’ची फेरी त्यातून सुटते, कारण अटीच्या जागी असलेली कमांड फसली तरी ‘सेट -ई’ तिकडे लक्ष देत नाही. पासवर्ड चुकला तर ती फेरी अनंतकाळ चालेल. यासाठी ‘अॅक्टिव्ह डेडलाइन सेकंड्स’ (जॉबची एकूण कालमर्यादा) पुरेसे आहे, की फेरीतच मोजणी ठेवावी?

खरी अडचण पुढची आहे. ‘बॅकऑफ लिमिट’ (फसल्यावर पुन्हा प्रयत्नांची मर्यादा) न दिल्यास 6 धरले जाते, म्हणजे दरपत्रक अर्धवट भरून थांबले तर संपूर्ण साखळी पुन्हा चालते आणि नोंदी दुहेरी होतात. पहिली दोन कामे इनिट कंटेनरमध्ये (मुख्य कंटेनरच्या आधी चालून संपणाऱ्या कंटेनरमध्ये) हलवून ‘रीस्टार्ट पॉलिसी’ ‘ऑन फेल्युअर’ (फसल्यास पुन्हा सुरू) ठेवली, तर फक्त मुख्य कंटेनर पुन्हा सुरू होईल, हे मला पटते; परंतु मर्यादा संपल्यावर पॉडच (हे कंटेनर एकत्र ठेवणारा घटकच) काढून टाकला जातो आणि त्याच्याबरोबर लॉगही जातात. शिवाय दुहेरी नोंदींचा प्रश्न तसाच राहतो, कारण तो मुळात फाइल भरणाऱ्या प्रोग्रामचा आहे, असा माझा संशय आहे.

प्रत्यक्ष वापरात आपण एकच स्क्रिप्ट ठेवता की इनिट कंटेनर? आणि ‘रीस्टार्ट पॉलिसी’ ‘नेव्हर’ (पुन्हा सुरू न करणे) ठेवून ‘बॅकऑफ लिमिट’ शून्य केल्यास, रात्री कोणी जागे नसताना ते परवडते का? अशी व्यवस्था ज्यांनी स्वतः चालवली आहे, त्यांनी कृपया सांगावे.