मदत हवी आहे: नवोदयच्या उताऱ्यांची उत्तरं मुलगा उताऱ्यातून न देता मनातून देतो

नमस्कार. माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे आणि यंदा नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसतोय. हातात नऊ आठवडे आहेत. आम्ही अमरावती जिल्ह्यातले. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं 1985-86 साली सुरू झाली, त्यातलं एक अमरावतीचं आणि दुसरं हरियाणातल्या झज्जरचं. त्यामुळे आमच्याकडे 'पोरगं नवोदयला लागलं' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. ही परीक्षा एकदाच देता येते, म्हणून जीव जास्तच टांगणीला लागलाय.

पेपर एकूण 80 प्रश्नांचा, 100 गुणांचा, वेळ दोन तास. बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न, अंकगणिताचे 20 आणि भाषेचे 20. भाषेत चार उतारे असतात, एकेका उताऱ्यावर पाच प्रश्न. आकृत्या तो झपाझप सोडवतो, गणितही बरं आहे. उताऱ्यांत मात्र 20 पैकी 11-12 च्या पुढे जात नाही.

वाचता येत नाही असं नाही, मोठ्याने छान वाचतो. परवा सरावाच्या पुस्तकात एक उतारा होता. त्यातल्या शेतकऱ्याने मृगाचा पहिला पाऊस पडताच पेरणी केली. प्रश्न होता, शेतकऱ्याने पेरणी केव्हा केली? याने खूण केली, 'जमीन चांगली भिजल्यावर'. मी चूक दाखवली तर म्हणाला, "पण आई, पहिल्याच पावसात पेरलं तर दुबार पेरणी येते. आबा कधीच पेरत नाहीत."

आता याला काय सांगू? त्याचं खरंच आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्यावर दुबार पेरणी आली होती, बियाण्याच्या पैशासाठी घरात झालेली ओढाताण त्याने पाहिली आहे. त्याच्या शहाणपणाला चूक म्हणायला जीभ रेटत नाही, आणि परीक्षेत तर त्याच उत्तराचे सव्वा गुण जातात. उताऱ्याबाहेरचं बाजूला ठेवायला या वयाच्या मुलाला कसं शिकवायचं? मी बारावी शिकलेली आहे, संध्याकाळी तासभर त्याच्याजवळ बसू शकते. शिकवणी लावणं जमणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी प्राथमिक शिक्षक आहे, नवोदयला बसणाऱ्या मुलांचा दरवर्षी सराव घेतो. तुमच्या मुलाचं उत्तर चूक आहे असं त्याला अजिबात म्हणू नका. "हे आबांचं उत्तर झालं, आता या पुस्तकातल्या माणसाने काय केलं ते दाखव," असं म्हणा. 'सांग' म्हणू नका, 'दाखव' म्हणा. खूण करण्याआधी ज्या ओळीत उत्तर आहे तिच्यावर त्याने बोट ठेवायचं. ओळ सापडली नाही तर खूण करायची नाही. सुरुवातीचे दहा-बारा दिवस घड्याळ लावू नका, दिवसाला एकच उतारा घ्या. मुलं घाईत असली की आठवणीतून उत्तर देतात, कारण ते लवकर सापडतं.

सगळ्याच प्रश्नांना ओळ सापडत नाही. शीर्षक विचारलं की मुलं उताऱ्यात जास्त वेळा आलेला शब्द असलेला पर्याय धरतात. तिथे प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे ते एका वाक्यात तोंडी सांगायला लावा. जो पर्याय एकाच परिच्छेदाला लागू पडतो तो सोडायचा. समानार्थी शब्दाचंही पाठांतरावर सोडू नका. 'तीर' म्हटलं की मुलं बाण सांगतात, पण 'नदीच्या तीरावर गुरं चरत होती' इथे काठ हवा. पर्याय वाक्यात बसवून वाक्य पुन्हा वाचायचं. 'नदीच्या बाणावर गुरं' म्हटल्यावर पोरं स्वतःच हसतात आणि खोडतात.

प्रतिसाद २

माझ्या मुलीने मागच्या वर्षी ही परीक्षा दिली. आमच्याकडून झालेली चूक सांगते, तुम्ही टाळा. आम्ही उतारे रोज सकाळी, डोकं ताजं असताना करून घेतले आणि घरी 20 पैकी 18 यायचे. परीक्षेत मात्र भाषा शेवटी येते. दीड तास आकृत्या आणि गणितं करून ती दमली होती, चौथा उतारा तिने नुसता चाळला. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी आधी बुद्धिमत्ता आणि गणित, मग लगेच उतारे असा पूर्ण दोन तासांचा सराव घ्या.

उत्तरपत्रिकेतले गोल रंगवायचा सरावही त्याच वेळी घ्या, एका प्रश्नाचा गोल चुकून राहिला की पुढचे सगळे गोल सरकतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटी एकही गोल रिकामा ठेवू नये. पण ही गोष्ट त्याला अगदी शेवटच्या आठवड्यात सांगा. आधी सांगितली तर ओळ शोधायची सवयच लागणार नाही.

उतारे कमी पडले तर बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत. आम्ही त्यातलं एक पान घ्यायचो आणि त्यावर पाच प्रश्न तिनेच काढायचे, चार चार पर्यायांसकट. चुकीचे पण खरे वाटतील असे तीन पर्याय बनवताना तिला कळलं की पेपर काढणारे कुठे फसवतात. यातून तिला जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्याच पुस्तकातून झाला नाही.

धागाकर्ती

सर, ताई, दोघांचे मनापासून आभार. आज अकरा दिवसांनी लिहितेय. बोट ठेवायची युक्ती लागू पडली. पहिले तीन दिवस चिडला, मग त्याला त्याची गोडी लागली. 'हे आबांचं, हे पुस्तकातलं' असं आता स्वतःच म्हणतो. आबाही संध्याकाळी शेजारी येऊन बसतात, उतारा ऐकतात आणि त्यांना न पटलेलं बोलून दाखवतात. मग पोरगा त्यांनाच ओळ दाखवतो. कालच्या उताऱ्यांत 20 पैकी 15 आले.

प्रश्न त्याने स्वतः काढायचे, हे रविवारी सुरू केलं. पहिला प्रश्न त्याने पेरणीवरच काढला आणि चुकीच्या पर्यायांत 'जमीन चांगली भिजल्यावर' हे स्वतःहून टाकलं.

अजून एका जागी अडतंय. 'पुढीलपैकी कोणते विधान उताऱ्यात आलेले नाही?' असा प्रश्न आला की तो 'नाही' विसरतो आणि पहिलं बरोबर विधान दिसलं की खूण करून मोकळा होतो. 'नाही'खाली रेघ मारायला लावली, पण रेघ मारूनही विसरतो. चारही विधानांना ओळ शोधत बसला तर वेळ जातो. कुणी हे मुलांकडून करून घेतलं असेल तर कसं, ते सांगाल का?