दिदरो पीटर्सबर्गमध्ये नेमका किती दिवस होता? आणि ऑयलरचा तो किस्सा खरा का?

वाचनखूण:
फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोच्या रशियातल्या मुक्कामावर लेख लिहायला घेतला आहे आणि तीन ठिकाणी अडलो आहे. तो २७ सप्टेंबर १७७३ला पोचला असं एकीकडे दिलंय, दुसरीकडे ८ ऑक्टोबर. कोणती तारीख धरायची? दरबारात गणितज्ञ ऑयलरने बीजगणिताचं सूत्र पुढे करून त्याला गप्प केलं, हा किस्सा घ्यावा का? आणि रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्याशी त्याच्या एवढ्या भेटी झाल्या, त्यातलं लेखी काही उरलं आहे का?

नेवाकाठ:
दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. रशियात तेव्हा जुलियन पंचांग चालू होतं आणि अठराव्या शतकात ते ग्रेगोरियनच्या ११ दिवस मागे होतं. घोटाळा कसा होतो, तर पोचल्याची तारीख रशियन कागदांवरून घेतात आणि निघाल्याची फ्रेंच पत्रांवरून. मग मुक्काम ११ दिवसांनी फुगतो. तो ५ मार्च १७७४ला निघाला, ही तारीख ग्रेगोरियन आहे. म्हणून ८ ऑक्टोबर ते ५ मार्च धरा, १४८ दिवस होतात. सुरुवातीलाच एक ओळ टाकून सगळ्या तारखा ग्रेगोरियनमध्ये द्या.

उतरण्याच्या जागेबद्दलही चूक होते. झार पीटरच्या अश्वारूढ पुतळ्याचं काम करणारा शिल्पकार फाल्कोने त्याचा जुना मित्र, त्याच्याकडेच राहायचं ठरलं होतं. पण फाल्कोनेचा मुलगा आलेला असल्यामुळे तिथे जागा नव्हती. आजारी अवस्थेत पोचलेला हा साठीचा माणूस मग सहप्रवासी, रशियन दरबारी नारिश्किनच्या घरी राहिला. दोनच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, कॅथरिनचा मुलगा युवराज पावेल याचं लग्न होतं, त्यामुळे सगळा दरबार त्या गडबडीत होता.

जुनीपोथी:
ऑयलरचा किस्सा कृपा करून खरा म्हणून घेऊ नका. तिएबो या फ्रेंच लेखकाने तो १८०४मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, ऐकीव म्हणून छापला. तो स्वतः पीटर्सबर्गमध्ये नव्हता, आणि त्याच्या मजकुरात ऑयलरचं नावही नाही, नुसता ‘एक रशियन तत्त्वज्ञ’ आहे. ऑयलरचं नाव ठामपणे चिकटवलं ते इंग्रज गणितज्ञ डी मॉर्गनने, एकोणिसाव्या शतकात. किस्स्याचा सगळा जोर दिदरोला गणित येत नव्हतं यावर आहे. त्याने तर १७४८मध्ये गणितावरचे निबंध छापले होते! शिवाय पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने त्याच मुक्कामात त्याला परदेशी सदस्य करून घेतलं. किस्सा द्यायचाच असेल तर तो कसा वाढत गेला हे सांगण्यासाठी द्या.

कागदपत्र:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात समाधानाचं आहे. लेखी खूप उरलं आहे, आणि तुमच्या लेखाचा गाभा तोच असायला हवा. भेटी दुपारी होत, बहुधा तीनच्या सुमारास. दिदरो अनेकदा टिपणं लिहून नेई आणि ती कॅथरिनकडेच राहत. अशी साठाहून अधिक टिपणं आहेत. फ्रेंच संपादक मोरिस तुर्नेने ती १८९९मध्ये छापली.

त्यात मोघम स्तुती कमी आणि नेमक्या सूचना जास्त आहेत. १७६७मध्ये बोलावलेला आणि पुढच्याच वर्षी थांबवलेला कायदेआयोग कायमचा करा. सरकारी जागा स्पर्धा परीक्षेने भरा. स्मोल्नी या मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींना शरीररचना शिकवा. राजधानीबद्दल तर तो थेट बोलतो: देशाच्या टोकाला राजधानी म्हणजे बोटाच्या टोकाला काळीज, मॉस्कोला परत जा. पीटर्सबर्गमध्ये बसून, तिथल्या सम्राज्ञीला, तिच्याच खर्चाने आलेल्या माणसाने हे लिहून दिलं. हे धाडस लेखात ठळक यायला हवं.

तिचे उपकार किती होते तेही लिहा, म्हणजे या स्पष्टपणाचं वजन कळेल. १७६५मध्ये तिने त्याचा ग्रंथसंग्रह विकत घेतला, तो हयातभर त्याच्याकडेच ठेवला, वर ग्रंथपाल म्हणून वर्षाला १००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) पगार लावला. पुढे तो ५० वर्षांचा एकदम आगाऊ दिला.

वाचनखूण:
मनापासून आभार. ‘तुम्ही कागदावर लिहिता, मी माणसाच्या कातडीवर’ हे कॅथरिनचं वाक्य तरी घेता येईल ना?

कागदपत्र:
घ्या, पण सेग्यूरच्या नावाने. तो फ्रान्सचा दूत म्हणून पीटर्सबर्गला आला तो १७८५मध्ये, म्हणजे दिदरो वारल्यानंतर. तिने आठवून सांगितलेलं त्याने आणखी कित्येक वर्षांनी आठवणींत लिहिलं. संवादाचा शब्दशः वृत्तांत म्हणून ते धरता येत नाही. तिच्या नाराजीचा जास्त भरवशाचा पुरावा तिच्या पत्रांतच आहे. परतीच्या वाटेवर हेगमध्ये दिदरोने तिच्या ‘नकाज’वर, म्हणजे कायदेआयोगासाठी तिने लिहिलेल्या सूचनापत्रावर, कडक टीका लिहिली, ती त्याच्या ग्रंथसंग्रहाबरोबर १७८५मध्ये तिच्या हाती पडली. तेव्हा तिने दोघांचाही मित्र असलेल्या ग्रिमला लिहिलं, ही निव्वळ बडबड आहे.