लांब पल्ल्यासाठी आरामदायी बाईक कोणती? बसून बसून आलेले अनुभव सांगा

सध्या बाईक बदलायचा विचार चालू आहे आणि डोकं पार पिकलंय. रिव्ह्यू बघावेत तर प्रत्येक बाईक कम्फर्टेबल, आणि शोरूमची टेस्ट राईड म्हणजे दोन चौक पलीकडे जाऊन परत. एवढ्यात काय कळणार? दहा मिनिटांत कोणाचीही कंबर दुखत नाही. माझं रायडिंग साधारण दिवसाला चारपाचशे किमी, तेही ओळीने काही दिवस, निम्म्या वेळा मागे बायको आणि दोघांचं सामान. पॉवर, टॉप स्पीड, लूक यावर इथे नको, ती चर्चा सगळीकडे चालूच असते. कुठे दुखलं, साधारण किती वेळाने दुखायला लागलं आणि कशाने थांबलं एवढंच लिहा. जमलं तर उंची पण सांगा कारण सहा फुटी माणसाचा आराम माझ्या काय कामाचा. मी पाच फूट आठ, वय ४४, कंबर आधीपासूनच नाराज.

निवांत_काका

वय साठीच्या आसपास, उंची पाच सात. माझी आधीची गाडी क्रूझर होती, पाय पुढे टाकून बसायची. शोरूममध्ये बसलो तेव्हा सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं आणि पहिले दोन तास खरंच मजेत जायचे. तिसऱ्या तासाला माकडहाड बोलायला लागायचं. कारण सरळ आहे, पाय पुढे असले की त्यांच्यावर वजन घेता येत नाही, सगळा भार ढुंगणावर आणि मणक्याच्या टोकावर. खड्डा दिसला तरी उठता येत नाही, बसूनच खायचा.

आता सरळ बसायची गाडी आहे, फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) जवळजवळ सीटच्या खालीच. खड्डा दिसला की पेगवर जोर देऊन चार बोटं उचलायचं, गुडघे धक्का घेतात आणि पाठीला पत्ता लागत नाही. गाडी बघायला जाल तेव्हा एक करा. मेन स्टँडवर लावायला सांगा, नसेल तर कोणाला तरी धरायला सांगा, दोन्ही पाय पेगवर ठेवा आणि हँडल न ओढता उठून बघा. सहज उठता आलं तर ती बसण्याची पद्धत तुमच्या पाठीच्या बाजूची. हँडलला लोंबकळावं लागलं तर मग विचार करा.

गुडघ्यांचा प्रश्न असेल तर मात्र पेग आणि सीट यातलं अंतर बघा. पेग उंच असले की गुडघा फार दुमडतो आणि संध्याकाळी उतरताना पाय सरळच होत नाही.

हळू_पण_पोचतो

काका, माझा अनुभव थोडा उलटा आहे. मी पाच चार, रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० वापरतो, पाय किंचित पुढेच असतात आणि सीटची उंची ७६५ मिमी. दिवसभर चालवून पण काही होत नाही. फरक एवढाच की मी ८०-८५ च्या वर जात नाही आणि दर तासाभराने थांबतो. २० बीएचपीच्या, म्हणजे बेताच्या ताकदीच्या गाडीला तो स्पीड मानवतो, मलाही. रोज ११० ला पळायचं असेल तर ही गाडी घेऊ नका, उगाच पिळून काढाल तिला. पहिलं स्वतःला विचारा की तुमचा खरा स्पीड काय आहे, सांगायचा नाही, खरा.

नटबोल्ट

पाठीवर सगळे बोलतायत, हातावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

पाच दहा उंची. माझ्या आधीच्या गाडीवर (नाव सांगत नाही, भांडणं होतील) दीड तासाने उजव्या हाताला मुंग्या यायच्या, इतक्या की उतरल्यावर हेल्मेटचा पट्टा सोडवता यायचा नाही. सिंगल सिलिंडरमध्ये एकच मोठा पिस्टन वरखाली होत असतो, त्याचा धक्का रद्द करायला समोर दुसरा नसतो. म्हणून आत बॅलन्सर शाफ्ट टाकतात, तो उलटा फिरून बराचसा कंप खातो. मीटिऑरच्या इंजिनात तो आहे, एनफिल्डच्याच हिमालयनमध्ये पण आहे. ट्विन सिलिंडर आपोआप गुळगुळीत असतात असंही नाही, एनफिल्डच्याच इंटरसेप्टर ६५० ला २७० डिग्रीचा क्रँक (पिस्टन जोडलेला दांडा, कंप कमी व्हावा अशा कोनात) आहे तरी सोबत बॅलन्सर दिलाच आहे. त्यामुळे सिंगल आहे म्हणून नाक मुरडू नका आणि ट्विन आहे म्हणून डोळे झाकून पण घेऊ नका.

खरी गोष्ट अशी की प्रत्येक इंजिनाचा एक पट्टा असतो ज्यात ते जास्त थरथरतं. कोणाचं ४००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), कोणाचं ६००० ला. तुम्ही टॉप गिअरमध्ये ज्या स्पीडला दिवसभर चालणार तो स्पीड नेमका त्या पट्ट्यात पडतोय का, हे बघायचं. मी असं बघतो, मोकळा रस्ता मिळाला की ८० वर एक मिनिट, मग ८५, मग ९० असं ११० पर्यंत, आणि प्रत्येक वेळी आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते का बघायचं. ज्या स्पीडला प्लेटचा नुसता धूसर पट्टा होतो तो तुमचा शत्रू. मग एकतर त्या स्पीडच्या अलीकडे पलीकडे चालवा नाहीतर दुसरी गाडी बघा. बारएंडला, म्हणजे हँडलच्या टोकांना जड वजनं लावून थोडं कमी होतं, पट्टा सरकतो, जात नाही.

अजून एक. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब पडतोय. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील तर मनगट वाकडं राहतंय. दुसऱ्या प्रकारात बऱ्याचदा ब्रेक आणि क्लचचे लीव्हर जरा खाली फिरवून घेतले की काम होतं, सीटवर बसून हात सरळ टाकले तर बोटं आपोआप लीव्हरवर पडली पाहिजेत. पाच मिनिटांचं काम आहे, एका पान्याचं, आणि लोक त्यासाठी गाडी विकतात.

पाच_दोन

मी ताई आहे, पाच फूट दोन, आणि मला सगळे एकच आकडा सांगतात, सीट हाईट. त्या आकड्यावर जाऊ नका. सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे यावर पाय टेकतात की नाही ते ठरतं. ८०० मिमीची पण टाकीजवळ निमुळती असलेली गाडी मला जमते आणि त्याहून कमी उंचीची रुंद सीटची गाडी जमत नाही कारण मांड्या बाहेर फाकतात आणि टाचा वर राहतात.

दुसरं वजन. चालताना वजन कळत नाही, दिवसाच्या शेवटी उतारावर नाक करून लावलेली गाडी मागे ओढताना कळतं, त्यात सामान लादलेलं. गोल्ड विंगची सीट फक्त ७४५ मिमी आहे, माझे दोन्ही पाय सपाट टेकतील, पण टूर मॉडेल पावणेचारशे किलोच्या वर जातं. होंडाने १९८८ पासून त्याला रिव्हर्स उगाच नाही दिला. हिमालयन ४५० साधारण १९६ किलो आहे आणि सीट ८२५ किंवा ८४५ वर लावता येते, मला दोन्ही उंचच, तरी एका बाजूला सरकून एक पाय पक्का टेकवायची सवय केली की चालतं. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडला तर निवडायला खूप गाड्या मोकळ्या होतात. पण थकलेलं असताना, खडीवर, एका पायावर सांभाळता येईल एवढंच वजन घ्या.

स्पंजवाला

माझ्या नावावरून कळलंच असेल, माझा विषय सीट.

मऊ सीट बघून कोणी भुलू नका!! अंगठ्याने दाबून "वा, मऊ आहे" म्हणणाऱ्यांनी ती पहिली अर्धा तासच वापरलेली असते. मऊ स्पंज तासाभरात पूर्ण दबतो आणि मग तुम्ही खालच्या प्लास्टिकच्या बेसवर बसलेले असता. चांगली टूरिंग सीट हाताला कडक लागते, रुंद असते आणि बसायच्या जागी जवळजवळ सपाट असते. बैठकीची दोन हाडं असतात, दोन्ही सीटच्या रुंदीत आरामात मावली पाहिजेत, नाहीतर वजन मधल्या नाजूक भागावर येतं आणि मग काय होतं ते पुरुष मंडळींना वेगळं सांगायला नको.

सीट पुढे उतरती असेल तर दर ब्रेकला घसरून टाकीला चिकटता. मग हाताने स्वतःला मागे ढकलत राहता, त्याने खांदे दुखतात, आणि माणूस हँडल रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावत बसतो. दुखणं खांद्यात, कारण सीटमध्ये. माझ्या गाडीचा उतार सीटवाल्याकडून नवीन स्पंज भरून काढून घेतला, त्याने मला गाडीवर बसवून खडूने खुणा केल्या, मग कापलं. त्यानंतर रायझर काढून ठेवले.

आणि जीन्स. जीन्सची मधली जाड शिवण जिथे चार पट्ट्या एकत्र येतात ती बरोबर हाडाखाली येते. सपाट शिवणीची पँट घाला, आत सायकलवाल्यांची चड्डी घातली तर अजून उत्तम. गाडीचा यात काही दोष नाही पण शिव्या तिलाच बसतात.

एव्हरेस्ट_नाही_पण_उंच

सहा एक. माझा त्रास मान आणि डोकं. मोठी विंडस्क्रीन लावली की आराम असं सगळ्यांनी सांगितलं, लावली, आणि हेल्मेट असं गदागदा हलायला लागलं की संध्याकाळी डोळ्यासमोरचं सगळं थरथरतंय असं वाटायचं. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून वारा फाटतो आणि त्याचे भोवरे नेमके माझ्या हेल्मेटवर. छोटी स्क्रीन लावली तर वारा छातीवर येतो पण सरळ येतो, एकसारखा, आणि मान शांत. उंच लोकांनी एकतर डोक्याच्या पूर्ण वरून वारा जाईल अशी घ्या नाहीतर छातीपर्यंतचीच घ्या, मधली नको. टेस्ट राईडला पेगवर थोडं उभं राहून आणि मग थोडं वाकून बघा, कुठे डोकं हलायचं थांबतं ते कळतं.

कानात इअरप्लग घाला. १०० च्या स्पीडला चांगल्या हेल्मेटमध्ये पण आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, आणि ८५ च्या वर दिवसभर राहणं कानाला वाईट. थकवा अर्धा त्या आवाजाचाच असतो, प्लग घालून उतरल्यावर कळतं. हॉर्न ऐकू येतात, काळजी नको. फक्त तुमच्याकडच्या नियमात बसतंय का ते बघून घ्या.

मागच्या_सीटवरून

एवढे सगळे लिहितायत, मागे बसणाऱ्याला कोणी विचारतच नाही. धागा काढणाऱ्या दादांनी "मागे बायको" असं एका ओळीत उरकलंय, म्हणून सांगते.

मागचे पेग उंच असतात, त्यामुळे गुडघे पुढच्याच्या कमरेपर्यंत येतात. तासाभराने खुबे भरून येतात. सीट वर उचललेली आणि पुढे उतरती, म्हणजे प्रत्येक ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट ठक्क. धरायला काय आहे? काही गाड्यांना शेपटीखाली एक आकडा, तो धरायचा तर हात पाठीमागे पिळावा लागतो. दोन्ही बाजूंना हाताला सहज येईल अशी ग्रॅबरेल हवी. टॉप बॉक्सला पाठ टेकायची गादी लावली तेव्हा मला पहिल्यांदा प्रवासात आजूबाजूला बघायला मिळालं, त्याआधी नुसतं धरून बसणं चालू होतं. साईडच्या बॅगा लावल्यावर पिंढऱ्या कुठे जातात तेही बघा, आणि सायलेन्सर कोणत्या बाजूला आहे ते.

आणि दादा, टेस्ट राईडला वहिनींना घेऊन जा. परत आल्यावर त्यांचं आधी ऐका.

नटबोल्ट

वरच्या ताईंना जोडून, मागे माणूस आणि सामान आलं की मागच्या शॉकचा (शॉक अॅब्सॉर्बरचा) प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवायचा असतो. बऱ्याच लोकांनी तो गाडी घेतल्यापासून हातच लावलेला नसतो. प्रीलोड कमी राहिला तर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं, खड्ड्यात शॉक शेवटपर्यंत जाऊन ठोकतो आणि तो ठोका मागच्याच्या मणक्यात. टायर प्रेशर पण दोघांसाठी वेगळं असतं, चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, मॅन्युअलमध्ये तर असतंच. गाडी हार्ड आहे म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांचं प्रेशर बरोबर असतं देव जाणे. जड सामान खाली आणि पुढे ठेवा, टॉप बॉक्समध्ये कपडे. पान्याची पिशवी टॉप बॉक्समध्ये टाकणाऱ्यांना माझा नमस्कार.

लहान_टाकी

सगळे मोठी टाकी मोठी टाकी करतात. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम ६५० ला २० लिटर आहे, मस्त, पण म्हणजे चारशे किमी न थांबता जायचं का? इंटरसेप्टरला १४ च्या आत आहे, अडीचशेच्या आसपास थांबावंच लागतं, पाय मोकळे होतात, पाणी पिऊन होतं. २४ तासांत हजार मैल करून आयर्न बट असोसिएशनचं सर्टिफिकेट घेणारे लोक आहेत, त्यांना मोठी टाकी लागेल, आपल्याला काय. पंप लांब लांब असलेल्या भागात जात असाल तरच टाकीचा विचार करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांची उठून बघायची टेस्ट काल दोन गाड्यांवर केली, एक तिथेच बाद झाली. दुसरी मिडलवेट ट्विन आहे, सरळ बसणं, ती आता भाड्याने मिळतेय तर शनिवार-रविवार घेऊन बायकोसकट फिरून येतो, नंबर प्लेटची टेस्ट पण करतो. बायकोने मागच्या_सीटवरून यांचा प्रतिसाद वाचला आणि फोन माझ्या हातात परत देताना नुसती बघत राहिली.

स्पंजवाले, एक विचारायचं होतं, सीट पुन्हा भरून घेतली की उंची वाढते का? पाच आठला ८३५ मिमीची सीट म्हणजे आधीच काठावर आहे. स्पंज न वाढवता नुसता उतार काढता येतो का?